शिवेवरची वस्ती

बेळगावहून चंदगडकडे जाताना बाची मागे पडली की शिनोळी लागते आणि कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. याच पट्ट्यात, मुख्य रस्त्यापासून आत, आमची वस्ती आहे. पंधरा-वीस घरे, एक विहीर, भाताची आणि रताळ्याची शेते, आणि मधून गेलेला एक बांध. त्याच्या अलीकडची घरे बेळगाव तालुक्यातील एका गावाच्या दप्तरात लागतात, तर पलीकडची चंदगड तालुक्यातील दुसऱ्या गावाच्या. महसुली गाव म्हणून वस्तीची नोंद दोन्हीकडे नाही.

हा बांध पूर्वी दोन राज्यांची सीमा नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत चंदगड तालुकाही बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला गेला. चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडण्यात आला. तालुक्यांमधली शीव अशी एका दिवसात राज्याची सीमा झाली. पुढे आजोबांनी दोन मुलांत वाटणी केली, तेव्हा वडिलांच्या वाट्याला अलीकडचे घर आले आणि काकांच्या वाट्याला पलीकडचे. म्हणून माझा उतारा कन्नडमध्ये निघतो आणि चुलतभावाचा सातबारा मराठीत. माझ्या घरी वीज हेस्कॉमची, त्याच्याकडे महावितरणची. रताळी मात्र दोघांचीही बेळगावच्याच बाजारात जातात.

2020 च्या टाळेबंदीत सीमेवरचा रस्ता मातीचे ढीग टाकून बंद केला गेला. काकूंचे औषध वर्षानुवर्षे बेळगावहून येत असे. ते मी आणून ठेवायचो आणि बांधावरून त्यांच्या हाती द्यायचो. त्या दिवसांत काकूंच्या चेहऱ्यावर दिसणारा संकोच मी विसरलेलो नाही, कारण आपल्याच दिराच्या अंगणात यायला त्यांना प्रथमच भीती वाटत होती.

सीमाप्रश्नात महाराष्ट्राची मागणी पाटसकर सूत्राची आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमा याच सूत्राने आखली गेली. 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला आणि 2004 मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. मी या मागणीच्या बाजूचा आहे, मनापासून आहे. पण खेडे हा घटक मानला, तरी जी वस्ती कोणत्याच दप्तरात खेडे नाही, तिची गणना कशी करावी, हा प्रश्न मला छळतो.

कर्नाटकात नोंद नसलेल्या वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा देण्याची तरतूद आहे. जानेवारी 2023 मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे तांड्यांवरील सुमारे 50,000 कुटुंबांना हक्कपत्रे देण्यात आली, तेव्हा मला आनंद झाला आणि आशाही वाटली. आमची अडचण अशी की मोजणी कोणत्याही बाजूने केली, तरी वस्ती अर्धीच भरते.

गेल्या महिन्यात मी आणि चुलतभावाने दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींना एकाच मजकुराचे अर्ज दिले, माझा कन्नडमध्ये आणि त्याचा मराठीत. आपल्या हद्दीतील घरांपुरतीच यादी द्यावी, असे दोन्हीकडे सांगण्यात आले. आम्ही दोन्ही अर्जांना सगळ्या घरांची यादी जोडली आहे.