उकळी न फुटलेली कॉफी

आमच्या दुकानात रोज सकाळी जी पहिली कॉफी तयार होते, ती कुणालाच विकली जात नाही. तिच्यामागची दुसरीही बहुधा सिंकमध्येच जाते. मशिन नीट तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात मी टेबलांवरच्या खुर्च्या उतरवते, फ्रिजमधलं दूध मोजते, आणि मग ग्राइंडरची मनधरणी सुरू होते. १८ ग्रॅम पूड, तिच्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, आणि हे सगळं २५ ते ३० सेकंदांत व्हायला हवं. पंधरा सेकंदांतच धार वाहून गेली तर दळण जाड पडलं, चाळीस सेकंद थेंब थेंब गळत बसली तर फार बारीक. पुण्यातल्या पावसाळ्यात तर काल संध्याकाळी जमलेलं दळण आज सकाळी ओळखसुद्धा दाखवत नाही. मग दोन-तीन शॉट, म्हणजे एकेका कपापुरती कॉफी, काढायचे, चाखायचे, तोंड वाकडं करायचं आणि ओतून द्यायचे. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अन्न टाकून द्यायचा पगार देतात तुला?"

दुकान लॉ कॉलेज रोडच्या एका आडगल्लीत आहे. पुणेकराला पत्ता सांगायला एवढं पुरतं. सकाळी टेकडीवरून उतरणारे लोक, दुपारी लॅपटॉपवाले, संध्याकाळी फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं. अधूनमधून भांडारकर संस्थेत पोथ्या बघून आलेले एखादे अभ्यासक, ज्यांना मेनूतले बारीक टाइपातले शुद्धलेखनाचे दोष चष्म्याशिवाय दिसतात.

या सगळ्या मंडळींत आणि माझ्यात दिवसभर एकच वाद चालू असतो. कॉफी किती गरम असावी?

माझं प्रशिक्षण सांगतं की दूध ६०-६५ अंशांवर थांबवायचं. तेवढ्यावर ते गोड लागतं, फेस रेशमी राहतो. सत्तरच्या पुढे गेलं की फेस भरड होतो आणि दुधाला तापवल्याचा वास सुटतो. आता हा 'तापवल्याचा वास' दोष आहे, हे मराठी माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? आपल्याकडे दूध तापवायचं म्हणजे ते पातेल्याच्या काठापर्यंत वर यायला हवं. गॅस बंद करायला अर्ध्या घरानं धावायला हवं. निवल्यावर साय धरायला हवी. पिशवीतलं दूध डेअरीतूनच पाश्चराइझ होऊन येतं, ७२ अंशांवर पंधरा सेकंद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी न उकळलेलं दूध पोटात गेलं की आपल्याला उगाचच पोट दुखल्यासारखं वाटतं.

टेकडीवरून येणारे एक काका रोज कप हातात घेतात, दोन्ही तळवे त्याला लावतात आणि एखाद्या डॉक्टरसारखं निदान करतात. "ताप नाहीये." मग मी दुसऱ्यांदा दूध घेऊन सत्तरच्याही पुढे नेते. वाफेची नळी किंचाळायला लागली की काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. कपातून वाफ येते, काका पहिला घोट घेऊन 'हाss' करतात, आणि मग गप्पा मारताना ती कॉफी वीस मिनिटं टेबलावर तशीच ठेवतात. शेवटी पितात तेव्हा ती नेमकी मला हवी होती तेवढीच कोमट झालेली असते. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

गंमत अशी की ज्या यंत्रापुढे मी दिवसभर उभी असते, त्याचा सगळा इतिहास कॉफीला उकळीपासून वाचवण्याचा आहे. १८८४ साली तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोनं वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं एकेक कप काढणारं यंत्र आणलं. या यंत्रांत पाण्याला ढकलायचं काम वाफच करायची. दाब दीड-दोन बारच्या (बार हे दाबाचं माप) पुढे जायचा नाही आणि कॉफी करपट लागायची. अकिल्ले गाज्जानं १९३८ मध्ये वेगळी पद्धत पेटंट केली आणि महायुद्ध संपल्यावर स्प्रिंगचा दांडा असलेली यंत्रं बाजारात आणली. वाफेऐवजी दट्ट्यानं पाणी पुडीतून रेटायचं. पाणी उकळतं असायची गरज संपली, दाब कितीतरी पटींनी वाढला, आणि कपावर प्रथमच तो सोनेरी फेस आला, ज्याला क्रेमा म्हणतात. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ मध्ये दांड्याची जागा विजेच्या पंपानं घेतली. आमचं मशिनही त्याच घराण्यातलं, ९ बारवर चालतं. घरच्या कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा एक बारभर दाब चढला की होते, त्यावरून हिशेब करा. आणि पाणी? ९२-९३ अंश. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे इथे पाणी ९८ लाच उकळतं, म्हणजे उकळीच्या अगदी उंबरठ्यावर आणून आम्ही त्याला थांबवतो.

तर, इटलीतल्या माणसांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षं खपून कॉफी उकळीच्या तावडीतून सोडवली, आणि प्रभात रोडवरच्या काकू काउंटरवर वाकून विचारतात, "अगं, उकळलीस ना नीट?"

पूर्वी मला राग यायचा. आता मी "हो काकू" म्हणते.

दुपारी अकरानंतर लॅपटॉपवाले येतात. त्यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण माझा पगार त्यांच्यामुळे निघतो की त्यांच्यामुळे अडतो, हे मालकांनाही अजून ठरवता आलेलं नाही. एका कॅपुचिनोवर प्लगजवळची खुर्ची पाच तास. मधे पाणी मागायचं, तेही थंड नको, साधं. पण तीच मंडळी पावसाच्या ओसाड दुपारी दुकान भरलेलं ठेवतात, आणि बाहेरून काचेतून बघणाऱ्याला रिकाम्या दुकानात शिरावंसं वाटत नाही.

मजा एस्प्रेसोची. मेनूवर सगळ्यात स्वस्त तोच असतो. नव्यानं आलेला माणूस फळा वरपासून खालपर्यंत वाचतो, किमतींवरून बोट फिरवतो आणि आत्मविश्वासानं म्हणतो, "एक एस्प्रेसो." आम्हाला शिकवलेलं आहे की गिऱ्हाइकाला ओशाळं वाटू द्यायचं नाही. म्हणून मी विचारते, "सर, छोटी असते आणि बिनदुधाची असते, चालेल ना?" दहातले आठ "हो हो, माहितीये" म्हणतात. मग भातुकलीतल्यासारखा कप समोर आला की तळाशी बघतात, माझ्याकडे बघतात. एकदा एका आजोबांनी तो एका घोटात संपवला, डोळे घट्ट मिटले आणि उघडून म्हणाले, "काढ्याला जरा मध देत जा." मला ते पटलं. कॉफीची जात कुठलीही असो, चिकमगळूरची चांगली अरेबिका नाहीतर क्रेमासाठी मिसळलेली रोबस्टा, न मागता मिळालेला कडूपणा हा काढाच.

बियांच्या पिशवीवर ठळक अक्षरांत चिकमगळूर लिहिलेलं असल्यानं आणखी एक ठरलेला संवाद होतो. कुणीतरी सूफी संत बाबा बुडन यांची गोष्ट सांगतं: मक्केहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरावर लावल्या. ही आख्यायिका मी इतक्यांकडून ऐकली आहे की आता प्रत्येकाला ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी दाद देते. मात्र अमरावतीकडचा गिऱ्हाईक असेल तर गाडी चिखलदऱ्याकडे वळते. "आमच्याकडे होते कॉफी, तुम्ही पुण्याचे लोक कर्नाटकातून आणता!" मेळघाटच्या माथ्यावर कॉफीची झाडं आहेत हे खरं आहे, आणि वैदर्भीय माणूस ते चुकूनही सांगायचं विसरत नाही.

दुधावर पान काढण्याचं एक प्रकरण आहे. लोकांना वाटतं, बरिस्ता, म्हणजे माझ्यासारखी कॉफी बनवणारी, ही फेसावर पान काढणारी. पान हे दूध नीट फेसलं गेल्याचं प्रमाणपत्र आहे, याहून जास्त काही नाही. त्यानं चव बदलत नाही. पण फोटो काढले जातात, म्हणून हंस काढा, बदाम काढा. माझा नांदेडचा सहकारी मोर काढतो आणि तो खरंच मोर दिसतो. मला मात्र खरी मौज पार्सलच्या कपात वाटते. डिलिव्हरीवाला दादा हेल्मेट न काढताच घाई करत असतो, कागदी कप पुढ्यात असतो, आणि तरी हात सवयीनं पान काढतोच. पुढच्या क्षणाला त्यावर प्लास्टिकचं झाकण दाबायचं. कर्वेनगरपर्यंतच्या खड्ड्यांत त्या पानाचं काय होत असेल ते होवो. घरी झाकण उघडणाऱ्याला फेस बसलेली दूध-कॉफी मिळते आणि तो ॲपवर लिहितो, गरम नव्हती.

बघा, पुन्हा तेच.

या कामात अंगाला जे चिकटतं त्याबद्दल कुणी बोलत नाही. कॉफीचा नाही, फाटलेल्या दुधाचा वास येतो कपड्यांना. वाफेच्या नळीचे बारीक चटके मनगटावर असतात. पूड दाबून दाबून उजवा अंगठा संध्याकाळी वेगळाच जाणवतो. आणि चोथा! हँडल आपटलं की त्यातून वापरलेल्या पुडीची गोल चकती पडते. दिवसाकाठी बादली भरते. ती बादली आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी राखून ठेवलेली आहे, गुलाबांसाठी. त्या कॉफी पीत नाहीत, पित्त होतं म्हणे, पण आमच्या धंद्याची सगळ्यात जास्त चौकशी त्याच करतात. "आज कमी दिसतेय गं बादली, गिऱ्हाईक नव्हतं का?"

आणि आता जायफळ.

मराठी घरातली कॉफी म्हणजे उपासाची, परीक्षेच्या जागरणाची, नाहीतर चहा न पिणाऱ्या पाहुण्याची. दुधात साखर आणि पूड घालून चांगली खळखळ उकळलेली, वर जायफळ किसलेलं. ही चव डोक्यात घेऊन एक आजी नातवाबरोबर आमच्याकडे आल्या. लाटे, म्हणजे आमची भरपूर दुधाची कॉफी, प्यायल्या, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चांगली आहे. पण कॉफीसारखी नाही लागत." मी दुसऱ्या दिवशी घरून जायफळ आणि छोटी किसणी नेऊन काउंटरखाली ठेवली. पुढच्या वेळी आजी आल्या तेव्हा दूध सत्तरच्या वर नेलं, साखर आधीच विरघळवली, वर जायफळ किसलं. दुकानभर असा वास सुटला की लॅपटॉपवाल्यांनीही माना वर केल्या. आजींनी घोट घेतला आणि नुसती मान डोलावली. प्रशिक्षणात शिकवलेलं जवळजवळ सगळं त्या कपात मोडलं होतं.

मालकांच्या नाकापर्यंत तो वास पोचला आणि त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. आठवडाभरात फळ्यावर नवी ओळ आली: 'नटमेग लाटे, २८० रुपये'. बाजूला खडूनं जायफळाचं चित्रही होतं, जे सुपारीसारखं दिसत होतं.

आजी आल्या, फळ्यापाशी थांबल्या, नातवाकडून ती ओळ वाचून घेतली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "दोनशे ऐंशी? अख्खं जायफळ घालता की काय एकेका कपात?"

"नाही हो आजी, चिमूटभरच."

"मग उरलेल्याचं काय करता?"