खिशात बटणांचा फोन कशासाठी?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आलेला माणूस चहा येईपर्यंत हा प्रश्न विचारतोच: दिवसभर सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशिनवर काम करणारे तुम्ही खिशात बटणांचा जुनाट फोन का बाळगता, आणि स्मार्टफोनवरही पडद्याच्या तळाची ती तीन बटणे (मागे, होम आणि चालू ॲप) का ठेवता? भाचा तर सरळ म्हणतो, “मामा, तुम्हाला म्युझियममध्येच ठेवूया की.” आजवर हसण्यावारी नेले, तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

नव्याची मला भीती वाटते, हा समज आधी काढून टाका. ज्यांना तसे वाटते त्यांनी माझ्या मशिनचे पॅनेल पाहावे. पडदा त्यावरही आहे, पण टूल जॉबजवळ, म्हणजे घडवायच्या तुकड्याजवळ, न्यायचे असते तेव्हा हात हँडव्हीलवर, म्हणजे टूल सरकवायच्या चाकावर, असतो. त्याचा एक खटका म्हणजे निवडलेल्या पटीप्रमाणे १, १० किंवा १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तो खटका बोटाला कळतो म्हणून डोळे जॉबवरून हलवावे लागत नाहीत. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण तर एकदा दाबले की दाबलेलेच राहते, मुद्दाम सोडवल्याशिवाय सुटत नाही. पडदा कितीही हुशार झाला, तरी ते बटण कोणी पडद्यावर नेलेले नाही.

तरीही खरे कारण मशीन नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पुष्कळ वेळ झाला होता आणि प्रयाग चिखलीत माझी बहीण सासूबाईंना घेऊन घराच्या गच्चीवर अडकली होती. बोटी जिथून सुटत होत्या तिथे मी धो धो पावसात उभा होतो. बोटीवरच्या जवानाने विचारले, कोणती गल्ली, घराची खूण काय? नेमके तेव्हाच बहिणीचा फोन आला. पडद्यावर तिचे नाव दिसत होते, घंटी वाजत होती, आणि फोन उचलण्यासाठी जे सरकवायचे ते थोडे सरकून पुन्हा जागेवर येत होते. हाताचे बोट पुसायला शर्ट धरला, तर शर्टच पिळून काढावा असा भिजलेला. पुढे पाण्याचे थेंबच पडदा चालवू लागले; कॅमेरा उघडला, कोणा गिऱ्हाइकाला फोन लागला, आणि तो बंद करता करता तिचा दुसरा फोनही वाजून थांबला. बोट दुसऱ्या गल्लीत गेली. त्या दोघींना आणखी एक रात्र गच्चीवर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी काठावर उतरल्यावर तिने पहिले वाक्य उच्चारले ते, “दादा, फोन का उचलला नाहीस?”

यात गूढ काहीच नाही. हाताचे बोट टेकल्यावर काचेखालच्या विद्युत क्षेत्रात होणारा बदल हा पडदा मोजतो, आणि तसाच गोंधळ पाण्याचा थरही घालतो. भाचा म्हणतो, आता फोन वॉटरप्रूफ आहेत. असतील; पण आयपी ६८ हा शिक्का पाणी आत शिरत नाही एवढेच सांगतो, ओल्या पडद्याला बोट कळेल असे तो कुठेही म्हणत नाही. (टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटने भिजलेल्या हाताने फोन घेणाऱ्याला हे सांगायला पूर लागत नाही.)

बोटाला उत्तर लागते, हे फोन बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. जुन्या कीपॅडवर ५ च्या आकड्यावर उंचवटा असे, त्यामुळे न बघता नंबर लावता येई. २०१६ च्या आयफोन ७ मधले होम बटण मुळात हलतच नव्हते, आतली मोटर बोटाला खोटा खटका देत होती. आणि पुढच्याच वर्षी आयफोन टेनमधून ते बटणही गेले. अँड्रॉइड १० पासून कडेवरून बोट ओढले की मागे जाता येते, परंतु कित्येक ॲपमध्ये त्याच कडेवरून मेनू ओढायची सवय होती, म्हणून मेनू काढायला जावे आणि ॲपच बंद व्हावे असे होई. सेटिंगमध्ये तीन बटणांचा पर्याय ठेवला आहे, तो मी घेतला, इतकेच.

मात्र पहिला टच फोन घेतल्यावर कीपॅडवाल्यांची टिंगल करणारा मी अजून माझ्यात आहे आणि तो गप्प बसत नाही. तो विचारतो, गिऱ्हाइकाने पाठवलेले ड्रॉइंग मोठे करून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचतोस ते कशावर? त्या बटणांच्या फोनचे रबर झिजले आहे, ७ दोनदा दाबावा लागतो, त्याचे काय? शिवाय पुरात टॉवरच बंद पडला असता तर बटणे काय कामाची होती? या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

हल्ली भाच्याने माझ्या स्मार्टफोनमध्ये आवाज वाढवायचे बटण दाबून फोन उचलण्याची सोय सुरू करून दिली आहे आणि आता दुसरा फोन टाकून द्या म्हणून तो मागे लागला आहे. उपाय सापडला तोही बटणातच, हे मी त्याला ऐकवले. त्यावर, बटण चालेल पण दोन फोन कशाला, असे त्याने विचारले. आमचा वाद सध्या तिथे आहे आणि दोन्ही फोन चार्जिंगला आहेत.