एन-गेजचा क्यूडी झाला तेव्हा नेमकं काय बदललं

नोकियाच्या एन-गेज या गेम खेळायच्या फोनचं नाव निघालं की बहुतेक लोक हसतात, कानाला फोन आडवा लावायची ॲक्टिंग करून दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. त्याच्या नंतर आलेल्या सुधारित फोनबद्दल, एन-गेज क्यूडीबद्दल, तर कोणी काही बोलतच नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण फोन आणि गेमिंग कन्सोल एकाच अंगात बसवायचे म्हटलं तर कुठे कुठे अडतं आणि त्यातलं काय सोडवता येतं, हे हे दोन फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले की जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानेच कळत नाही.

पहिला एन-गेज ७ ऑक्टोबर २००३ ला बाजारात आला, अमेरिकेत २९९ डॉलरला. क्यूडी जाहीर झाला एप्रिल २००४ मध्ये आणि मे महिन्यात विकायलाही आला. म्हणजे मधे जेमतेम सात महिने. एवढ्या वेळात अख्खा फोन नव्या अंगात आणणं ही काही छोटी गोष्ट नाही.

अंग म्हणतोय ते मुद्दाम. एन-गेजच्या आत काय होतं बघा, १०४ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, सिंबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यावर नोकियाचं सिरीज ६० हे मेनू-स्क्रीनचं सॉफ्टवेअर, १७६ बाय २०८ पिक्सेलची ४०९६ रंगांची स्क्रीन. हेच सगळं नोकिया ३६५० मध्येही होतं आणि तो कोणी गेमिंगचा फोन म्हणून घेत नव्हतं. थ्रीडीसाठी वेगळी चिप वगैरे काही नाही, टॉम्ब रेडर सारखा गेम सगळाच्या सगळा त्या एका प्रोसेसरवर पळायचा. म्हणून तर एन-गेज येऊन फार दिवस झाले नव्हते तोवर लोकांनी त्याचे गेम क्रॅक करून सीमेन्स एसएक्स१ सारख्या दुसऱ्या सिरीज ६० फोनवर चालवून दाखवले. मग एन-गेजमध्ये वेगळं होतं ते काय, तर डावीकडे डी-पॅड म्हणजे चार दिशांचं बटण, मधे स्क्रीन, उजवीकडे बटणं, दोन्ही हातात धरायचा आडवा आकार आणि गेमचं कार्ड. बस. आतलं सामान साध्या फोनचंच होतं, कन्सोलपण जे काय होतं ते सगळं बाहेरच्या आकारात होतं, आणि नेमका तोच आकार पहिल्या वेळी फसला.

सगळ्यात जास्त चेष्टा झाली ती आडवं धरून बोलण्याची, साइडटॉकिंग. स्पीकर आणि माइक दोन्ही फोनच्या कडेवर होते त्यामुळे बोलायचं तर फोनची धार गालाला टेकवावी लागायची आणि त्याचा सपाट भाग कानापासून बाहेर आलेला दिसायचा. त्याचा एक फायदा होता, गालाचा घाम आणि तेलकटपणा स्क्रीनला लागत नव्हता. पण चारचौघात फोनवर बोलायचीच लाज वाटायला लागली तर तो फोन म्हणून कामाचा कसा राहणार?

मला मात्र वाटतं की खरी मोठी चूक ती नव्हतीच. खरी चूक होती कार्डाची जागा. एन-गेजचे गेम एमएमसी या छोट्या मेमरी कार्डावर यायचे आणि ते कार्ड बसायचं बॅटरीच्या खाली! आता एक गेम काढून दुसरा लावायचाय, तर आधी फोन बंद करा, मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, कार्ड बदला, परत बॅटरी घाला, झाकण लावा, फोन चालू करा, तो सुरू व्हायची वाट बघा, सिमचा पिन ठेवला असेल तर तो टाका, नेटवर्क येऊ द्या आणि मग कुठे नवा गेम. निनटेंडोचा गेमबॉय हा हातातला कन्सोल घेतलेला माणूस तेवढ्या वेळात कार्ट्रिज बदलून पहिली लेव्हल खेळत असेल. आणि यातली खरी अडचण नुसत्या वेळेची नाही हो, या सगळ्या वेळात तुमचा फोन बंद असतो, कोणाचा फोन येणार असेल तर तो लागत नाही. म्हणजे कन्सोलचं सगळ्यात साधं, रोजचं काम करायला फोनला मरावं लागत होतं. दोन कामं करणाऱ्या वस्तूत असं होऊन चालत नाही, एका कामासाठी दुसरं काम बंद पाडावं लागलं की माणूस आपोआप दोन वेगळ्या वस्तू खिशात घेऊन फिरायला लागतो.

क्यूडीमध्ये हे दोन्ही मुद्दे थेट सोडवले. कार्डाचा स्लॉट खालच्या कडेला आणला, फोन चालू असतानाच कार्ड काढा, दुसरं घाला, झालं. आणि बोलायचा स्पीकर समोरच्या बाजूला आला, म्हणजे फोन इतर फोनसारखाच कानाला लावायचा. लांबी १३४ मिलिमीटरवरून ११८ वर आली. जाडी २० वरून २२ झाली आणि वजन १३७ ग्रॅमचं १४३ झालं, पण ते खपून जातं, कारण हातात धरून गेम खेळताना थोडा जाडसर फोन उलट बरा वाटतो आणि खिशात अडचण होते ती लांबीची. बॅटरी ८५० वरून १०७० एमएएच झाली. खेळणारा माणूस साध्या फोनवाल्यापेक्षा किती जास्त वेळ स्क्रीन चालू ठेवतो याचा विचार केला तर हा सगळ्यात शहाणपणाचा बदल, आणि याचं कौतुक मी कधी कुठे वाचलं नाही.

आता काढून काय काय टाकलं ते. एफएम रेडिओ गेला, एमपीथ्री प्लेअर गेला, यूएसबी गेलं आणि ट्राय-बँडच्या जागी ड्युअल-बँड आलं, म्हणजे नेटवर्कच्या तीन फ्रिक्वेन्सींऐवजी दोनच, त्यामुळे काही देशांत फोन चालणार नाही. ड्युअल-बँडचं मी समजू शकतो, रोज कोण एवढं जगभर फिरतंय. यूएसबीचं पण एक वेळ चालेल कारण कार्ड आता सहज बाहेर निघतं, कार्ड रीडरला लावा आणि भरा काय भरायचं ते. पण एमपीथ्री? २००४ साली खिशातल्या गॅजेटमधून गाणी काढून टाकायची? तेव्हा तरुण पोरांच्या खिशात तिसरी वस्तू कुठली होती तर म्युझिक प्लेअरच ना. पहिल्या एन-गेजची सगळ्यात भारी बाजू हीच होती की फोन, गेम आणि गाणी तिन्ही एकात, आणि रिडिझाइन करताना त्यातलं एक उचलून बाहेर ठेवलं. किंमत खाली आणायची होती हे दिसतंच, अमेरिकेत कनेक्शनच्या करारासोबत क्यूडी ९९ डॉलरला मिळायचा. तरीही हा सौदा मला पटत नाही. निनटेंडोनेही २००३ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्स एसपी काढताना असंच केलं होतं, घडी होणारी बॉडी, उजेड असलेली स्क्रीन, चार्ज होणारी बॅटरी असं सगळं छान दिलं आणि हेडफोनचं साधं भोक काढून टाकलं, वेगळा अडॅप्टर घ्यायला लावला. रिडिझाइनमध्ये सगळे नवीन काय आलं ते मोजतात पण जे गेलं ते वापरणाऱ्याला रोज आठवत राहतं.

आणि जी गोष्ट बदलायलाच हवी होती ती तशीच राहिली. स्क्रीन! १७६ बाय २०८, म्हणजे उभी. दोन हातात आडवा धरायचा फोन आणि त्यात मधोमध उभी स्क्रीन. गेमबॉय ॲडव्हान्सची होती २४० बाय १६०, आडवी. फरक कुठे पडतो तर सोनिक सारखा पळापळीचा गेम खेळताना, सोनिक पळतो आडवा आणि पुढून काय येतंय ते दिसायला जागाच नाही, दिसेपर्यंत आदळलेला असतो. गाड्यांच्या गेममध्येही वळण डाव्या उजव्या बाजूला दिसायला हवं तर तिथे स्क्रीन संपलेली आणि वर मात्र भरपूर आकाश. हे न बदलण्यामागे कारण होतं हे मान्य आहे, सिरीज ६० तेव्हा त्याच मापावर बांधलेलं होतं आणि बाजारात विकली गेलेली सगळी कार्डं त्याच स्क्रीनसाठी लिहिलेली, स्क्रीन आडवी केली असती तर जुने गेम गेले असते. एकदा गेम विकले की डिझाइन करणाऱ्याचे हात असे बांधले जातात. फोन दरवर्षी बदलता येतो, कन्सोल नाही बदलता येत, आणि इथे दोन्ही एकाच डब्यात.

या उभ्या स्क्रीनवर जे गेम खरंच शोभले ते सावकाश चालणारे होते. रेडलिंक्सचा पाथवे टू ग्लोरी हा २००४ चा गेम बघा, दुसऱ्या महायुद्धातली सैनिकांची तुकडी, आळीपाळीने चाल खेळायची, ब्लूटूथवर मित्रांसोबत पण खेळता येतो. यात मधेच फोन आला तरी काही बिघडत नाही कारण चाल तुमचीच असते, बोलून झालं की परत या. फोनवरचा गेम असाच असायला हवा असं मला वाटतं आणि दुसऱ्या कन्सोलचे गेम आणून बसवण्यापेक्षा असे गेम पहिल्या दिवसापासून असते तर स्क्रीनची तक्रार निम्मी झाली असती.

बटणांचंही तेच. गेमसाठी मुख्य बटणं म्हणजे ५ आणि ७ चे आकडे, जरा वर उचललेले. आजूबाजूला बाकीचे आकडे चिकटून, त्यामुळे गडबडीत अंगठा भलतीकडे पडतो. सोनी एरिक्सनने २०११ मध्ये एक्सपीरिया प्ले काढला तेव्हा याचं उत्तर वेगळं शोधलं, वरून साधा टचस्क्रीन फोन आणि सरकवला की खालून पूर्ण गेमपॅड, वरच्या कडेला डाव्या-उजव्या बोटांसाठी एल आणि आर बटणं, स्क्रीन आडवी. बोलताना गेमपॅड दिसतच नाही आणि खेळताना आकडे मधे येत नाहीत. याची किंमत मोजली ती जाडीत आणि वजनात, १६ मिलिमीटर आणि १७५ ग्रॅम. मला विचाराल तर ही किंमत योग्य होती.

क्यूडीत मला स्वतःला काय बदलायला आवडलं असतं सांगतो. आतलं सगळं तेच ठेवायचं, स्क्रीनला हात लावायचा नाही कारण जुनी कार्डं चालायला हवीत. एमपीथ्री ठेवायचं, त्यासाठी रेडिओ गेला तरी चालेल. आणि पहिल्या एन-गेजमध्ये वरच्या कडेला बोलायचा स्पीकर आणि माइक होता ना, क्यूडीत ते तिथून हलल्यावर ती कड मोकळी झाली. खेळताना दोन्ही हातांची पहिली बोटं नेमकी तिथेच टेकलेली असतात, नुसतीच. तिथे एल आणि आर अशी दोन बटणं द्यायची आणि आतून ती कुठल्या तरी दोन आकड्यांनाच जोडायची. जुन्या गेमला वाटणार आकडाच दाबला, त्याला काही कळायची गरज नाही, आणि रेसिंगमध्ये ब्रेक मारायला ५ आणि ७ च्या मधे अंगठा नाचवावा लागला नसता.