लीज नावाचं स्टेशन बोर्डावर नव्हतंच

बेल्जियममध्ये आल्यावर पहिल्याच महिन्यात माझी गाडी डोळ्यांदेखत सुटली. ल्युव्हेन स्टेशनच्या बोर्डावर मी 'लीज' शोधत होतो, आणि तिथे लिहिलं होतं 'लाउक'. गाव एकच. डच नाव लाउक, फ्रेंच नाव लीज. ल्युव्हेन डचभाषक फ्लँडर्समध्ये, म्हणून तिथल्या बोर्डावर फ्रेंच नाव नाही. पुढची गाडी पकडली, तर लांदेन मागे पडेपर्यंत घोषणा डचमध्ये होत्या. फ्रेंचभाषक वालोनिया सुरू झाला आणि तोच माणूस फ्रेंच बोलायला लागला. भाषेची ही हद्द १९६२-६३ मध्ये कायद्याने आखलेली आहे. ती किती कडक असावी? २०२४ मध्ये गाडी ब्रुसेल्सला पोचायच्या आत, फ्लँडर्समध्येच असताना, एका तिकीट तपासनिसाने डच नमस्काराला जोडून फ्रेंच 'बाँजूर' म्हटलं, तर एका प्रवाशाने रीतसर तक्रार ठोकली.

मी कोल्हापूरचा. सीमाप्रश्न तापला की बेळगावच्या बसगाड्या बंद, पाट्यांना काळं, हे बघतच वाढलो. इथे काळं फासलेलं मला अजून दिसलेलं नाही. इथली फारकत कागदोपत्री, शिस्तीत झालीय. पक्षसुद्धा भाषेप्रमाणे वेगळे. एखादा डावा पक्ष सोडला तर दोन्हीकडे उभा राहणारा मोठा पक्ष नाही. म्हणून तर २०१०-११ मध्ये ५४१ दिवस सरकारच बनेना. आणि आता गंमत बघा, स्वतंत्र फ्लँडर्स हे ज्या पक्षाच्या घटनेतच लिहिलंय, त्याचे बार्ट डे वेव्हर फेब्रुवारी २०२५ पासून अख्ख्या बेल्जियमचे पंतप्रधान आहेत! राजासमोर शपथ घेऊन. देश मोडायचाच म्हटला तर ब्रुसेल्सचं काय करायचं, हे कोणालाच सांगता येत नाही. शहर फ्लँडर्सच्या पोटात, आणि बोलणं बहुतेक फ्रेंचमध्ये.

पण मला सगळ्यात चटका लावून गेली ती ग्रंथालयाची गोष्ट. ल्युव्हेनच्या विद्यापीठाचं ग्रंथालय जर्मनांनी १९१४ मध्ये जाळलं, पुन्हा उभं राहिलं, १९४० मध्ये परत जळलं. १९६८ मध्ये 'वालोन, चालते व्हा', म्हणजे फ्रेंचवाल्यांनो निघा, अशा घोषणा रस्त्यावर घुमल्या, त्यात सरकार पडलं आणि विद्यापीठाची वाटणी झाली. फ्रेंच अर्ध्यासाठी पंचवीसेक किलोमीटरवर, शेतांत, लुवाँ-ला-नव्ह नावाचं गावच नव्याने वसवलं. पुस्तकांचं काय? ज्यांचे क्रमांक सम ती एकीकडे, विषम ती दुसरीकडे. दोन युद्धांतून वाचवलेली, जमवलेली पुस्तकं अशी पत्त्यांसारखी वाटली.

माझ्या घरमालकीणबाई तेव्हा इथेच शिकत होत्या. रविवारी कॉफीला बोलावतात, वॉफल मात्र दुकानातलं देतात. मी विचारलं, "तुम्हीपण घोषणा दिल्यात?"

"दिल्या की! घसा बसेपर्यंत." मग कप पुसता पुसता म्हणाल्या, पुढे दहाएक वर्षांनी त्यांना एका नियतकालिकाचे जुने अंक हवे होते. निम्मे इथे निघाले, निम्मे तिकडे. शेवटी आगगाडीने गेल्या, तिकडच्या खिडकीवर फ्रेंचमध्ये विचारलं आणि दिवसभर तिथे बसून टिपणं काढली.

"फ्रेंच येत होतं तुम्हाला?"

"उत्तम," त्या म्हणाल्या. "घोषणा देत होते तेव्हाही."