शेजारचं बांधकाम

सकाळी सातच्या ठोक्याला ब्रेकर सुरू झाला आणि मांडणीतले पेले किणकिणले. पाया खणताना खडक लागलाय म्हणे.

शेजारच्या प्लॉटवर काम सुरू होऊन आता चौथा महिना. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोट फिरवलं की रेघ उमटते. ही धूळ निदान दिसते तरी, पुसता येते. २.५ मायक्रॉनहून बारीक कण दिसतही नाहीत, केसाची जाडी त्यांच्या वीसपट तरी असते. ते थेट फुफ्फुसात खोल उतरतात. आईला दमा आहे आणि तिची खोली नेमकी त्याच बाजूला. खिडकी लावली तर घुसमट, उघडली तर खोकला. आणि समोर तो पोरगेला कामगार तोंडाला नुसता रुमाल बांधून दगड कापत असतो, पांढऱ्या सिलिकाच्या, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीच्या, ढगात. पात्यावर पाण्याची धार सोडली तरी ती धूळ बरीच खाली बसेल. त्याच्यासाठी जीव जास्त तुटतो.

परवा रात्री अकरानंतर काँक्रीट मिक्सरच्या गाड्या आल्या. मागे घेताना वाजणारा तो बीप-बीप पहाटे तीनपर्यंत. झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे तर शेजारी झोपलेल्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागत होतं. काँक्रीट काही तासांत आवळायला लागतं, ओतणं मध्येच थांबवलं तर सांधा कच्चा राहतो, हे मला समजतं. पण कुणी आदल्या दिवशी एका शब्दाने सांगितलं असतं, तर आईला मागच्या खोलीत झोपवलं असतं. आवाज थांबल्यावरही ती उशीवर डोळे उघडे ठेवून पुढच्या गाडीची वाट पाहत होती. मला खरा त्रास तो वाटतो.

आमच्या घराच्या भिंतीतल्या भेगेच्या दोन्ही टोकांशी मी पेन्सिलीने खूण करून तारीख घातली होती. आज पाहिलं, वरचं टोक खुणेपलीकडे नखभर सरकलंय. फोटो काढून ठेवला.

संध्याकाळी साइटवर गेले. फोटो दाखवला, पाणी मारायचं सांगितलं आणि रात्रीच्या कामाची वेळ आधी फाटकावर लिहा म्हटलं. सुपरवायझर चटकन म्हणाला, "ताई, शनिवारी रात्री पुन्हा काँक्रीट आहे." चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आधी सांगितलं.

शनिवारी दुपारीच आईची गादी मागे हलवायची.