१५ पैकी १४

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या कंपनीच्या अनुदानाच्या अर्जाला १५ पैकी १४ गुण मिळाले आणि एक युरोही मिळाला नाही.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ते इचलकरंजीहून म्हणाले, "चौदा? म्हणजे ९३ टक्के की गं! पेढे आणतो." म्हटलं, बाबा थांबा, कट-ऑफ साडेचौदाला लागला. मग मात्र त्यांना एका वाक्यात सगळं कळलं. मेडिकलच्या याद्या बघत माझ्या भावाबरोबर त्यांनी एक अख्खा उन्हाळा काढला होता.

"तिकडे सरकार स्टार्टअपला पैसे वाटतं" असं मला पुण्याचे मित्र नेहमी ऐकवतात, म्हणून आधी हे वाटप कसं असतं ते सांगते. युरोपियन युनियनच्या 'होरायझन युरोप' या संशोधन कार्यक्रमाला २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी सुरुवातीला ९५.५ अब्ज युरो ठरले होते, म्हणजे साडेनऊ हजार कोटींच्या वर. युरो हं, रुपये नव्हेत. शिवाय सुपरकॉम्प्युटर, एआय, सायबर सुरक्षा यांच्यासाठी 'डिजिटल युरोप' नावाची, सुरुवातीला सुमारे साडेसात अब्जांची, वेगळी थैली. आकडे ऐकून मीही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आले तेव्हा हरखले होते. पण आधीच्या 'होरायझन २०२०' मध्ये आठ अर्जांमागे साधारण एकाच्या पदरात काही पडायचं. आता परिस्थिती थोडी बरी आहे, एवढंच.

आणि एकट्याने जाता येत नाही. बहुतेक योजनांत निदान तीन देशांतले तीन भागीदार लागतात. आम्ही आठ जण होतो, सहा देशांतले. एक विद्यापीठ, दोन नगरपालिका, बाकी आमच्यासारख्या चिल्लर कंपन्या. जुन्या पुलांना सेन्सर लावून तडे वाढण्याआधी ओळखायचे, असा प्रकल्प. तीन महिने रोज कॉल. कुणाकडे सुट्टी, कुणाकडे नाताळ, कुणाकडे संप. लग्नाचा हॉल ठरवताना दोन्हीकडची मंडळी जेवढी बोलतात, त्याच्या दहापट बोलून आम्ही कोण किती 'पर्सन-मंथ' घेणार ते ठरवलं. हा इथला खास हिशेब आहे. माणसं महिन्यांत मोजायची. मी या प्रकल्पात अकरा महिन्यांची होते.

अर्ज ४५ पानांचा. ही मर्यादा कुणी दंडुका घेऊन सांभाळत नाही. तुम्ही ५२ पानं खुशाल चढवा. वरची सात परीक्षकांना आपोआप कोरी दिसतात. मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा मी हसत सुटले होते. पुरवण्यांवर पुरवण्या जोडणाऱ्या आमच्या पिढीला याहून क्रूर शिक्षा सुचली नसती. मुदत ब्रसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी पाचची. पाच वाजून एक मिनिट झालं, तर ते पुढच्या जन्मी. तुम्ही कुणाच्या ओळखीचे आहात का, साहेब जागेवर आहेत का, असलं काही चालायला तिथे माणूसच नसतो.

तीन कसोट्या, प्रत्येकी पाच गुण: उत्कृष्टता, परिणाम, अंमलबजावणी. आम्हाला उत्कृष्टतेत पाच, परिणामात साडेचार, अंमलबजावणीत साडेचार.

परिणामाचा भाग मी लिहिला होता.

आता निकालाच्या त्या कागदाबद्दल मला बोलू द्या, कारण गेला आठवडाभर घरात मी दुसरं काही बोललेले नाही आणि नवरा कंटाळलाय. पैसे नाकारताना हे लोक कारणं देतात. 'खेदाने कळवतो' असा एकओळी निरोप नव्हे. तिन्ही कसोट्यांखाली परिच्छेदच्या परिच्छेद: हे पटलं, हे पटलं नाही, हे अमुक तपशिलाअभावी अपुरं वाटलं. अर्ज आधी वेगवेगळ्या परीक्षकांनी आपापला वाचलेला असतो, मग एकत्र बसून एकमत केलेलं असतं. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, आमचं ३१ वं पान खरोखर वाचलं होतं! त्यातलं एक वाक्य मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं, कारण ते आमच्या अर्जापेक्षा नेमकं होतं. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही महाराष्ट्रातल्या एका निधीसाठी प्रस्ताव पाठवला होता. तो 'विचाराधीन' होता. मी नोकरी सोडली तेव्हाही विचाराधीन होता. कदाचित आजही कुणी विचार करत असेल. नकार एवढ्या आदराने देता येतो हे मला चाळिशीत कळलं.

पण खरं सांगू? आदराने मिळालेला नकार जास्त लागतो. विचाराधीन असलं की निदान शिव्या तरी घालता येतात. इथे कारण समोर छापलेलं, आणि ते बरोबर. परीक्षकांचं म्हणणं असं की पुलांच्या तपासणीचा खर्च इतका-इतका कमी होईल असं तुम्ही म्हणता, पण आज तो किती आहे हेच दिलेलं नाही. अर्धा गुण तिथे गेला. आता, तो आकडा आमच्याकडे होता. नगरपालिकेच्या माणसाने मेल केला होता, मी वाचलाही होता. पण त्याचा तक्ता घातला की मजकूर ४६ व्या पानावर जात होता, आणि अर्धं पान तर एका भागीदाराच्या रंगीत आकृतीने खाल्लं होतं, जी काढा म्हणून मी दोनदा सुचवलं होतं. तिसऱ्यांदा नाही सुचवलं, हे खरं. अंमलबजावणीतही अर्धा गेलाच होता, तो माझा नव्हता. हे मी ऑफिसात कुणाला बोलले नाही, तुम्हाला सांगते आहे.

माझा डच बॉस "यामर" म्हणाला. अरेरे. बस चुकली तरी आणि चाळीस लाख युरो हुकले तरी डच माणसाला हाच एक शब्द पुरतो. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "हेलास, पिंदाकास" जोडलं, म्हणजे 'दुर्दैव, शेंगदाण्याचं लोणी'. मग सगळे जेवायला गेले. डब्यातली पोळी मला त्या दिवशी गेली नाही.

इथले काही निधी तर पैशांऐवजी प्रशस्तिपत्र देतात. त्याचं नाव 'सील ऑफ एक्सलन्स'. अर्थ असा की तुम्ही लायक आहात, थैली संपली. काही देश ते बघून स्वतःच्या तिजोरीतून मदत करतात, पण आमच्या योजनेत तेही नव्हतं. बाबा विचारत होते, फ्रेम करून लावता येतं का.

आता मित्रहो, लगेच "बघा, युरोपातही तेच" म्हणू नका. आणि "युरोप किती पुढे" असंही नको. सरकारी पैशातून तंत्रज्ञान उभं राहतं हे शिकायला मला इथे यायची गरज नव्हती. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार होता. हे मी इथल्या जेवणाच्या टेबलावर अनेकदा सांगितलंय, कुणी विचारलेलं नसताना. उलट युरोपचं दुखणं ऐका. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'युरेका १४७' या डिजिटल रेडिओच्या प्रकल्पात जर्मनीतल्या एर्लांगनचे संशोधक होते, आणि त्या कामातून एमपी-३ आलं. तेच एमपी-३, ज्याच्या दीडशे गाण्यांच्या सीड्या आपण स्टेशनबाहेर तीस रुपयांना घ्यायचो. पुढे त्यावर आयपॉड विकला अमेरिकेने. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांच्या युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालातही हीच रड आहे: संशोधनाचा पैसा फार ठिकाणी विखुरतो, आणि मिळवण्याची वाट किचकट.

किचकट नसलेली वाटही आहे, आणि तिच्याबद्दल तिकडच्या प्रोग्रामर मंडळींना मुद्दाम सांगते. ॲमस्टरडॅमची 'एनएलनेट' ही संस्था युरोपियन युनियनच्या पैशातून मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वापरता-बदलता येतो त्याला, ५ हजार ते ५० हजार युरोंचं पहिलं अनुदान देत आली आहे. छोटा फॉर्म, भागीदार नकोत, ठरलेला टप्पा झाला की पैसे. अर्जदार युरोपातलाच हवा असं नाही, युरोपाशी काही संबंध मात्र दाखवावा लागतो. मॅस्टोडॉन, जिट्सी, वायरगार्ड अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना तिथून हात मिळालेला. आणि जे सुटसुटीत, त्याच्यावरच आधी कात्री: २०२४ च्या उन्हाळ्यात 'होरायझन युरोप'च्या पुढच्या वर्षीच्या मसुद्यातून, एनएलनेटला पैसा पुरवणाऱ्या 'नेक्स्ट जनरेशन इंटरनेट' या उपक्रमाचं नावच गायब झालं, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना जाहीर पत्रं लिहावी लागली.

रविवारी बाबांचा परत फोन. त्यांच्या डोक्यातून विषय गेला नव्हता.

"रिचेकिंगला टाकता येतं का?"

"येतं, तीस दिवसांत. पण प्रक्रियेत चूक असेल तरच. गुण पटले नाहीत म्हणून नाही."

"मग ऑक्टोबरला बसायचं."

"सप्टेंबर, बाबा. पुढची मुदत सप्टेंबरला आहे."

"आणि तो तक्ता घाल या वेळी," ते म्हणाले. तक्त्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. नवऱ्याने सांगितलं असणार.