खंडीला पाच कोटी तीस लाख

गेल्या हंगामात मी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं रुईला खंडीमागे ५,३०,०१,०४७ रुपये भाव लावला आणि चलान छापूनही दिलं. ट्रक भरून उभा, ड्रायव्हर चहा पिऊन परत आलेला, आणि दिवाणजी तो कागद डोळ्यांपाशी धरून मला म्हणतात, "बाबू, तुह्या मशीननं रुई नाई, सोनं भरलं ट्रकात."

हे जिनिंग, म्हणजे कापसातून रुई काढायचा कारखाना, हिंगणघाट तालुक्यातलं. रेचा या यंत्रावर सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गठाण बांधली जाते आणि प्रत्येक गठाणीवर बारकोडचं लेबल लागतं. इंग्रजी 'एचजी' ही दोन अक्षरं आणि पुढे सहा आकडे. ट्रक भरताना मुकादम बिनतारी स्कॅनरनं एकेक लेबल टिपत जातो. त्याच वेळी आत टेबलावर दिवाणजी चलानाची बाकीची माहिती भरतात: ट्रकचा नंबर, पार्टीचं नाव, आणि शेवटी भाव. भाव खंडीवर ठरतो, म्हणजे साधारण ३५६ किलोवर.

त्या दिवशी दिवाणजींनी भावाच्या रकान्यात ५३ टाकले आणि फोन आला म्हणून थांबले. तेवढ्यात बाहेर मुकादमानं गठाण क्रमांक ००१०४७ टिपली. रकाना फक्त आकडे घेणारा, त्यामुळे 'एचजी' गळून पडलं आणि सहा आकडे ५३ च्या मागे जाऊन बसले. स्कॅनर प्रत्येक कोडनंतर एंटर पाठवतो. भाव हा शेवटचा रकाना, तिथे एंटर म्हणजे 'छापा'. झालं.

माझा पहिला उपाय होता वेळेचा. माणूस कितीही भराभर टाइप करो, दोन अक्षरांत थोडं अंतर राहतंच, स्कॅनर मात्र ओतल्यासारखं ओततो. म्हणून दोन अक्षरांतलं अंतर मोजायचं आणि फार कमी असेल तर तो स्कॅनर समजायचा. दोन दिवस मी खुशीत होतो. मग दिसलं की पहिलं अक्षर आलं तेव्हा दुसरं अजून यायचंच असतं, त्यामुळे ते एक अक्षर रकान्यात शिरूनच जातं. त्यात दिवाणजींची सवय अशी की हजाराची शून्यं टाकायला शून्याचं बटण दाबून धरायचं. दाबून धरलेलं बटण आपोआप इतक्या वेगानं अक्षरं पाठवतं की माझा प्रोग्रॅम त्यांनाच स्कॅनर समजू लागला. शून्यं गायब! "आता मी स्कॅनर झालो काय रे?" असं त्यांनी विचारलं, आणि मी तो सगळा कोड पुसून टाकला.

मग शांतपणे बसून लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एक्सइनपुट लिस्ट' ही जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा दिली. हे मी आधीच करायला हवं होतं. वर दोन नावं दिसली, 'व्हर्च्युअल कोअर पॉइंटर' आणि 'व्हर्च्युअल कोअर कीबोर्ड'. या कीबोर्डाखाली खरी उपकरणं: टेबलावरचा कीबोर्ड, स्कॅनरचा डोंगल (बिनतारी स्कॅनरसाठी मशीनला लावायचा यूएसबीचा तुकडा), आणि चक्क मशीनचं पॉवर बटणसुद्धा. म्हणजे मशीनच्या लेखी 'स्कॅनर' अशी काही चीजच नाही. तोही एक कीबोर्ड, जरा घाईत टाइप करणारा. काट्यावर दोन माणसं एकाच वेळी वजनं ओरडतात आणि लिहिणारा मान खाली घालून जे कानावर पडेल ते एकाच वहीत लिहितो, तसा तो व्हर्च्युअल कीबोर्ड. आकडे बरोबर असतात, पण कोण बोललं ते वहीत नसतं.

प्रोग्रॅम पायथनमध्ये, पडद्यावरच्या खिडक्या-बटणांसाठी जीटीके ३ ही तयार कोडची लायब्ररी. जीटीकेच्या खालचा थर म्हणजे जीडीके, आणि उपकरणांची सगळी दखल तो घेतो. इंटरनेटवर मिळालेली बहुतेक उदाहरणं 'डिव्हाइस मॅनेजर' वापरणारी होती. ती चालतात, पण इशारे छापतात, कारण २०१६ च्या ३.२० आवृत्तीपासून ती पद्धत जुनी ठरवली आहे. तिच्या जागी आलंय 'सीट'. सीट म्हणजे एका वापरणाऱ्याची बैठक: त्याचा कीबोर्ड, त्याचा माउस, टॅबलेटचा पेन असेल तर तोही. डिस्प्लेकडून डिफॉल्ट सीट घ्यायची आणि सीटकडून उपकरणांची यादी. जीटीके ३ मध्ये वरच्या व्हर्च्युअल उपकरणाला मास्टर आणि खालच्या खऱ्यांना स्लेव्ह म्हणतात, जीटीके ४ मध्ये त्यांचीच नावं लॉजिकल आणि फिजिकल झाली. मला नवी नावं जास्त पटतात, अर्थ लगेच कळतो.

जाता जाता एक गंमत. जीटीकेचा जन्म झाला गिंप या चित्रकलेच्या प्रोग्रॅमसाठी. कोणतं उपकरण, पेनचं टोक की खोडरबराचं टोक, किती दाब, हे सगळं विचारण्याची सोय चित्रकारांच्या कामाची. मी तीच सोय गठाणी मोजायला वापरत होतो.

खरी किल्ली एका फंक्शनमध्ये निघाली. कळ दाबली गेली की प्रोग्रॅमला तशी खबर येते, तिला इव्हेंट म्हणतात. त्या इव्हेंटला 'गेट डिव्हाइस' विचारलं तर उत्तर मिळतं तो व्हर्च्युअल कीबोर्ड, दर वेळी तोच. यातच माझी एक संध्याकाळ गेली. 'गेट सोर्स डिव्हाइस' विचारलं की कोण बोललं ते खरं नाव मिळतं. त्या उपकरणाकडे उत्पादकाचा आणि मॉडेलचा असे दोन यूएसबी क्रमांकही असतात. नुसत्या नावावर जाऊ नका, स्वस्तातले स्कॅनर आपलं नाव साधं 'यूएसबी कीबोर्ड'च्या धर्तीवर सांगतात.

मग सेटिंगमध्ये 'स्कॅनर ओळखा' असं बटण टाकलं. ते दाबायचं, कुठलंही लेबल टिपायचं, ज्या उपकरणाकडून पहिली कळ आली त्याचे दोन्ही क्रमांक फाइलमध्ये जपून ठेवायचे. पुढे मुख्य खिडकीच्या 'की प्रेस' सिग्नलवर पहारा. खिडकीला कळ आधी मिळते, रकान्याला नंतर. स्कॅनरची कळ असेल तर ती आपल्याकडे गोळा करायची आणि 'ट्रू' परत करायचं, म्हणजे ती रकान्यापर्यंत जातच नाही. दिवाणजी भावाच्या रकान्यात असोत की ट्रकच्या, गठाण गठाणींच्या यादीतच जाते.

मधे एक आगाऊपणाही केला होता. 'एक्सइनपुट फ्लोट' या आज्ञेनं स्कॅनरला व्हर्च्युअल कीबोर्डापासून सोडवून मोकळं केलं. स्कॅनर बिप-बिप करायचा आणि पडद्यावर काहीच नाही. मोकळं सुटलेलं उपकरण कुणाच्याच रकान्यात लिहीत नाही, त्याचे इव्हेंट वेगळे मागून घ्यावे लागतात. 'रीअटॅच' करून गपचूप परत जोडलं.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. जिनिंगच्या नव्या मशीनवर बसवलं तर परत तेच: स्कॅनर आणि कीबोर्ड एकच. उपकरणांची यादी काढली तर कीबोर्ड एकच दिसे. मला वाटलं डोंगल गेला, मुकादमाला वाटलं मी गेलो. फरक होता सेशनचा, म्हणजे लॉगिननंतर उघडणाऱ्या डेस्कटॉपचा. घरी एक्सएफसीई हा डेस्कटॉप होता, तो एक्स ११ वर चालतो. एक्स ११ म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी लिनक्सची जुनी व्यवस्था, वेलँड ही नवी. नव्या मशीनवर डेबियन लिनक्सचा गनोम डेस्कटॉप, आणि तो सरळ वेलँडवर उघडतो. वेलँडमध्ये सगळे कीबोर्ड कंपोझिटर, म्हणजे पडदा चालवणारा मुख्य प्रोग्रॅम, आपल्याकडे गोळा करतो आणि प्रोग्रॅमला सीटमागे एकच कीबोर्ड देतो. कोण बोललं हे सांगायची तिथे सोयच नाही. जीडीकेला जबरदस्तीनं एक्स ११ च्या वाटेनं चालवून पाहिलं, तर वेलँडवर ती वाट एक्सवेलँड या मधल्या प्रोग्रॅममधून जाते आणि यादीत 'एक्सवेलँड-कीबोर्ड' असा एकच बाबा हजर. दिवाणजींना कागदावर चलान लिहायला लागलं तो दिवस मला आठवतो, कारण शेठजींनी मला काहीच म्हटलं नाही.

उपाय निघाला तो लॉगिनच्या पडद्यावर. पासवर्ड टाकायच्या आधी कोपऱ्यातल्या चाकावर क्लिक करून 'गनोम ऑन एक्सऑर्ग' (एक्सऑर्ग म्हणजे एक्स ११ चालवणारा प्रोग्रॅम) निवडायचं, पुढे मशीन ते लक्षात ठेवतं. हा तात्पुरता इलाज आहे, एक्सऑर्ग हळूहळू बाजूला पडतंय. पण हंगामात प्रोग्रॅम नव्यानं लिहीत बसणं शक्य नव्हतं.

आता आली मराठीची कथा. दिवाणजी पार्टीचं नाव मराठीत टाकतात, इनस्क्रिप्ट लेआउट लावून. परत इंग्रजीवर यायचं कधी आठवतं, कधी नाही. स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कुठलं बटण दाबलं एवढंच पाठवतो, आणि त्या बटणाचं अक्षर मशीनचा लेआउट ठरवतो. त्यामुळे 'एचजी' ऐवजी यादीत 'फउ' यायला लागलं आणि पुढचे सहाही आकडे मराठी. पायथनचं 'इंट', म्हणजे अक्षरांचा आकडा करणारं फंक्शन, मराठी आकडे बिनबोभाट वाचतं, म्हणून कुठे चूकही दिसली नाही. फक्त 'फउ'वाली गठाण गोदामाच्या नोंदीत सापडायची नाही. मुकादम म्हणे गठाण हाये, मशीन म्हणे नाही.

यावर आणखी एक फोड. ट्रकचा नंबर टाकताना दिवाणजी 'एमएच ३२' साठी शिफ्ट दाबून धरत. एकाच व्हर्च्युअल कीबोर्डाखाली असल्यामुळे त्यांची शिफ्ट स्कॅनरलाही लागू होई आणि आकड्यांऐवजी उद्गारचिन्ह, कंस अशी नक्षी उमटे.

दोन्हीवर औषध एकच निघालं, आणि सगळ्या प्रकरणात मला तेच सगळ्यात आवडलं. अक्षराकडे बघायचंच नाही, बटणाच्या क्रमांकाकडे बघायचं. एक्स ११ मध्ये वरच्या ओळीतल्या १ च्या बटणाचा क्रमांक १०, ९ चा १८, ० चा १९ आणि एंटरचा ३६. लेआउट मराठी असो की इंग्रजी, शिफ्ट दाबलेली असो की नसो, हे क्रमांक बदलत नाहीत. स्कॅनरकडून १० ते १९ आले की आकडा धरायचा, ३६ आला की गठाण पूर्ण, बाकी सगळं सोडून द्यायचं. 'एचजी' मी स्वतःच पुढे चिकटवतो, तेवढं तर मला पाठ आहे.

डोंगल निघण्याचं प्रकरण त्यामानानं सोपं. झाडताना धक्का लागतो, तो निघतो, पुन्हा लावला की मशीन त्याला नवं उपकरण समजतं. सीटकडे 'डिव्हाइस ॲडेड' आणि 'डिव्हाइस रिमूव्ह्ड' असे सिग्नल आहेत. निघाला की अर्धवट गोळा झालेले आकडे फेकायचे आणि वर लाल पट्टी दाखवायची, लागला की यूएसबी क्रमांक जुळवून पट्टी काढायची.

या हंगामात शेठजींनी दुसरा स्कॅनर आणला, त्याच कंपनीचा, तेच मॉडेल. दोन ट्रक एकदम भरायचे म्हणून. क्रमांक सारखेच, त्यामुळे दोघांनाही ओळख मिळाली आणि मी निश्चिंत राहिलो. पहिल्याच दिवशी दोन गठाणींचे आकडे एकमेकांत मिसळून बारा आकड्यांची एक गठाण तयार झाली. गोळा करायची पिशवी मी एकच ठेवली होती. आता प्रत्येक सोर्स डिव्हाइसला वेगळी पिशवी, आणि सहाच्या वर किंवा खाली आकडे आले की नकार.

तो नकार दिवाणजींनी परवा तपासून पाहिला. टेबलावरचा बिस्किटाचा पुडा उचलला आणि माझ्यासमोर स्कॅन केला. ८९० नं सुरू होणारे तेरा आकडे आले आणि पडद्यावर पट्टी आली: 'ही गठाण नाही'. दिवाणजींनी चष्मा वर करून ती वाचली, पुडा फोडला आणि एक बिस्किट माझ्याकडे सरकवलं.